अंकल

रविवार, रात्र

आज नार्व्याच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर एका मुलीने माझी मोटरसायकल मागे ओढली. बस, एवढंच झालं. कुणी पडलं नाही, गाडीला ओरखडासुद्धा नाही, आणि तरी जेवण होऊन दोन तास झाले तरी मी हेच घोळवत बसलोय.

नीट लिहितो. काम काहीच नव्हतं. चवथीनंतर पहिल्यांदा बरं ऊन पडलं म्हणून गाडी काढली, डिचोलीहून नार्वे, सप्तकोटेश्वराला बाहेरूनच हात जोडले आणि पलीकडच्या दिवाडी बेटावर जाऊन येऊ म्हणून धक्क्यावर उभा. शहाणपणा असा की पहिला नंबर लागावा म्हणून उतारावर पार खालपर्यंत गेलो. फेरी लागली, आतली वाहनं बाहेर यायची तर जागा पाहिजे, फेरीवाल्याने हात केला, मागे घे. मागे म्हणजे किती, दोन हात. पण चढावर. आणि खाली शेवाळ, चिखल, सगळं. पाय माझे दोन्ही टेकलेले, टाचेसकट, त्यासाठीच तर ही घेतली, 765 मिमीची सीट, माझ्या उंचीच्या माणसाला याहून मोठं सुख कुठलं. पण टेकलेले पाय घसरत होते. जोर लावतो, हलत नाही, परत लावतो, बूट सटकतो, समोरचा कारवाला हॉर्न मारतोय. तेवढ्यात मागच्या स्कूटरवरची कॉलेजची पोर उतरली, "अंकल, रावात, हांव धरतां" (थांबा, मी धरते) म्हणाली आणि बॅकरेस्टला धरून ओढली. आली की गाडी मागे. म्हशीसारखी निमूट आली.

थँक्यू म्हटलं का मी? आठवत नाही. म्हटलं असेल.

मंजूला सांगितलं तर तिला वाटलं मला अंकल लागलं. हसली पोटभर. अंकल नाही लागलं, अंकल तर बँकेतला शिपाईपण म्हणतो आणि तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. लागलं ते दुसरंच.

बाबा येझदी साइड स्टँडवर तिरकी करून जागच्या जागी गर्रकन फिरवायचे. अंगणात, तुळशीला धक्का न लावता, एका हाताने सीट आणि एका हाताने हँडल. किक मारायची दांडी तीच खाली आली की गिअरची, हे त्या वयात मला जादूसारखं वाटायचं. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते स्वतः बघून घालून घ्यायचे, पंपवाल्यावर विश्वास नाही. म्हैसूरची ती फॅक्टरी 1996 मध्ये बंद पडली, बाबांची गाडी त्यानंतरही बरीच वर्षं चालली. ती कशी गेली ते आज नको.

नावं आता परत आलीत, जावा 2018 ला, येझदी 2022 ला. मी बघायला गेलो होतो, बसलोही. हर्षला म्हटलं, ही नको. टू-स्ट्रोकचा तो आवाज नाही वगैरे काहीतरी कारण सांगितलं.

मग ही घेतली, क्रूझर म्हणतात ती. 349 सीसी, गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, थोडं क्रोम, पुढे काढलेले फूटरेस्ट. पहिल्या दिवशी मये तळ्याच्या कडेला लावून फोटो काढला तेव्हा वाटलं होतं की आता काहीतरी वेगळं होणार. म्हणजे काय होणार हे माहीत नव्हतं. चाळीसच्या स्पीडला टॉप गिअरमध्ये ती ठुक ठुक करत जाते ना, 27 एनएमचा टॉर्क, गिअर पाडायची गरज नाही, दोन्ही बाजूंना हिरवी शेतं, तेव्हा अजूनही वाटतं.

पण पाय पुढे आणि पाठ सरळ म्हणजे खड्डा आला की पायावर उठता येत नाही, सगळं थेट माकडहाडावर. दुसऱ्या गाड्यांवर माणूस खड्डा बघून जरासा उचलतो स्वतःला, इथे तो सोफ्यात बसल्यासारखा बसलेला. साखळीवरून आत गेलं की माझं माकडहाड प्रत्येक खड्डा नावानिशी ओळखतं. चोर्ला घाटात वळणावर जास्त कलली की फूटरेस्ट रस्त्याला घासतो, पहिल्यांदा घासला तेव्हा मला वाटलं काहीतरी तुटून पडलं. क्रोमवर पावसाळ्यात ठिपके, रोज फडकं मारा. आणि वजन 191 किलो. हे ब्रोशरमध्ये पहिल्या पानावर नव्हतं.

मुळात ही गाडी सरळ, लांब, न संपणाऱ्या रस्त्यासाठी. आमच्याकडे पत्रादेवीला सुरू झालेला गोवा पोळ्याला संपतो, हायवेने दीडशे किलोमीटरही भरत नाहीत. एका टाकीत तीनदा आरपार. त्यात पणजीला अटल सेतूवर दुचाकीला बंदी, 191 किलोची असो की 100 ची, दोन चाकं ती दोनच, मग मी आणि माझा क्रूझर वर ट्रक जाताना बघत खालच्या मांडवी पुलावरून स्कूटरवाल्यांच्या गर्दीत. बेळगावहून घाट उतरून मोठमोठ्या गाड्या नोव्हेंबरमध्ये वागातोरला मोटोव्हर्सला, त्या बाइकवाल्यांच्या मेळाव्याला, येतात, दाढ्या, जॅकेट, बॅगा. गेल्या वर्षी साखळीला चहा घेताना त्यातल्या एकाने मला हात केला, आपल्यातलाच समजून. मी पण केला. कुठून आलात विचारलं त्याने. डिचोली म्हटलं. किती किलोमीटर? आठ-दहा असतील.

आता हे लिहिताना मलाच हसू येतंय.

सप्तकोटेश्वराचं देऊळपण आठवतंय मघापासून. 1668 मध्ये महाराजांनी बांधून घेतलेलं, 2023 मध्ये दुरुस्त होऊन परत उघडलं, जुनं दिसेल असंच पण चुना-रंग सगळं ताजं. माझी गाडी तशीच आहे. आत फ्युएल इंजेक्शन, एबीएस, बटण दाबलं की चालू, आणि वरून 60 सालचा चेहरा. तिला जुनी दिसायला डिझायनर लागले. माझं काम त्यामानाने फुकटात झालं.

येताना तीच फेरी घेतली. या वेळी उतारावर गेलोच नाही, वर सपाटीला थांबलो, सगळ्या स्कूटर, दोन कार, एक टेंपो आत गेला मग मी. फेरीवाला ओळखून हसला का मला तसं वाटलं कोण जाणे. आई म्हणायची बाबांसारखा जोर तुझ्यात नाही, पण तुला थांबता येतं. हे कौतुक होतं की काय ते तेव्हाही कळलं नव्हतं.

घरी आल्यावर, मंजू आत आहे बघून, अंगणात साइड स्टँडवर तिरकी करून फिरवायचा एकदा प्रयत्न केला. नाही फिरली. चिऱ्याला बोटभर खळगा पडलाय, त्यावर कुंडी ठेवली.

मग शेवटी शेजाऱ्यांच्या गेटातून वळवून आणली आणि नाक फाटकाकडे करून लावली, सकाळी मागे घ्यायला नको. त्यांचा कुत्रा अजून भुंकतोय.