कॅपिंग केलं म्हणजे कचरा डेपो साफ झाला का?

मामाचं गाव फुरसुंगी, त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. कोथरूडचा डेपो बंद झाला आणि नव्वदच्या दशकात पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी आला, तोही 160 एकरांहून जास्त जागेवर. वर माती टाकून कॅपिंग झालं, मग बायोमायनिंग (जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करणं), पण खाली मुरलेल्या लिचेटचं, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याचं काय? विहिरीचं पाणी बादलीत घेतलं की वर तवंग, म्हणून गाव टँकरवर. एनजीटीत (राष्ट्रीय हरित लवादात) केस गेली तेव्हा कुठे कामं हलली. त्यात बायोमायनिंगची बिलं सहसा निघतात टनावर, पाण्याच्या रिपोर्टवर नाही (इथेच सगळी गोम आहे)! माझं म्हणणं सरळ आहे, बोअरचे सॅम्पल गावकऱ्यांसमोर घ्या, पावसाळ्याआधी आणि नंतरही, आणि चाळून निघालेलं प्लास्टिक नेमकं कुठे गेलं त्याच्या पावत्या दाखवा.