आमची वाटचाल : बॅटऱ्या विकता विकता लोड कमी करायला शिकलो

२००६ ला मी आणि धाकट्या भावानं बार्शीत छोट्या गाळ्यात दुकान टाकलं तेव्हा धंदा एकच, इन्व्हर्टर आणि बॅटरी. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. दाभोळचा वीज प्रकल्प २००१ लाच बंद पडलेला, वीज मंडळाचे भाग होऊन २००५ ला महावितरण झालेली, राज्यात चार-पाच हजार मेगावॉटचा तुटवडा आणि आमच्याकडं भारनियमन रोजचंच. लाईट गेली की सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर बंद, आणि सातबाराचा उतारा काढायला खेड्यातनं आलेली माणसं व्हरांड्यात बसून राहायची, काम न होताच परतीची एसटी धरायची.

त्यामुळं ऑर्डरी भरपूर होत्या. पण एका ऑफिसातनं सारखा फोन यायचा, बॅटरी पुरत नाही, अजून दोन टाका. तिथं गेलो तेव्हा भावानं सहज टाँग टेस्टर, वायरीभोवती धरून करंट मोजायचा चिमटा, लावला. हॉलमध्ये सोळा ट्यूब, जुन्या चाळीस वॉटच्या, तांब्याचा चोक धरून एकेक पंचावन्नच्या घरात, म्हणजे नुसत्या उजेडालाच नऊशे वॉटच्या आसपास लोड. तेही भर दुपारी, बाहेर डोळे दिपतील असं ऊन असताना.

का, तर वायरिंग आडवं टाकलेलं. एक बटन दाबलं की खिडकीजवळची ट्यूब पण लागणार आणि आतल्या भिंतीजवळची पण. आतल्या टेबलावर अंधार म्हणून खिडकीतल्या माणसाच्या डोक्यावर पण दिवसभर ट्यूब. आणि खिडक्या तरी कुठं उघड्या, निम्म्या खिडक्यांना लोखंडी कपाटं टेकवलेली, त्यावर लाल कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे पार छतापर्यंत. मी हेडक्लार्क मॅडमना म्हटलं, कपाटं सरकवा, बॅटरी विकत नाही मी तुम्हाला. त्या म्हणाल्या, "अहो, कपाट हलवायचं म्हणजे आधी दप्तर हलवायला लागतंय, आणि गठ्ठा इकडचा तिकडं झाला तर साहेब मला विचारणार." बरोबरच होतं त्यांचं. शेवटी दोन रविवार आम्ही दोघं भाऊ आणि तिथले शिपाई मामा, गठ्ठ्यावर खडूनं नंबर टाकून एकेक उतरवला आणि त्याच क्रमानं परत लावला. वायरिंग खिडकीला समांतर केलं, पहिली ओळ वेगळ्या बटनावर, मधली वेगळ्या, आतली वेगळ्या. खोक्याएवढे जुने रेग्युलेटर काढले, ते पंखा हळू करतात पण उरलेली वीज स्वतः गरम होऊन जाळतात, हात लावला तरी कळतं. नवीन बॅटरी एक पण दिली नाही आणि पुढच्या आठवड्यात पूर्ण भारनियमनभर कॉम्प्युटर चालू राहिले.

तिथंच आमचा विचार फिरला. कारण इन्व्हर्टर वीज तयार करत नाही हो, ती लाईनवरनंच घेतो. दहा युनिट घातले तर सातच्या आसपास हाती लागतात. लाईट आली की गावातले सगळे इन्व्हर्टर एकदम चार्जिंगला, म्हणजे तुटवड्यात अजून भर. जे लोड नाहीच त्याला बॅकअप लागत नाही, एवढी साधी गोष्ट.

पण या कामाचे पैसे कोण देणार? टेंडरमध्ये फिटिंगला रेट असतो, पॉईंटला असतो, कपाट सरकवायला नसतो. बिलं निघायची मार्चअखेर, कधी पुढच्या मार्चला. दोन वर्षं दुकान बॅटरीवरच तगलं, खोटं का बोलू. पुढं एलईडी आली आणि हिशोब सोपा झाला. सरकारी खरेदीत जो बल्ब २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडायचा तो २०१६ ला चाळीसच्या आत आला. पंचावन्नच्या ट्यूबच्या जागी वीस वॉटची, नंतर पंच्याहत्तर वॉटच्या पंख्याच्या जागी तीस वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, हे साहेबांना कागदावर दिसतं आणि मंजूर होतं.

एक चूक मात्र मनाला लागून राहिली. एका मोठ्या प्रशासकीय इमारतीत, हायटेन्शन म्हणजे एचटी, जास्त दाबाचं कनेक्शन, पॉवर फॅक्टर (लाईनवरनं ओढलेल्या विजेतली किती खरी कामाला येते ते प्रमाण) सुधारायला आम्ही कायम चालू राहणारे कपॅसिटर बसवले होते, ऑटोमॅटिक पॅनेल बजेटमध्ये बसत नव्हतं म्हणून. २०२० च्या एप्रिलपासून एचटीचं बिलिंग केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामाला आलेल्या युनिटवर नाही तर लाईनवरनं ओढलेल्या एकूण विजेवर गेलं आणि नेमका तेव्हाच लॉकडाऊन. ऑफिसं रिकामी, लोड जवळपास काहीच नाही आणि आमचे कपॅसिटर रात्रंदिवस चालू. लोडच्या मानानं कपॅसिटर जास्त झाले, पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला, लीडिंगला गेला आणि बिल वापरापेक्षा जास्त. पास काढून जाऊन ते बंद केले आणि नंतर पॅनेल आमच्या खर्चानं बसवून दिलं. भाव कमी केला म्हणून काम अर्धं करायचं नसतं हे मला तेव्हाच त्या साहेबांना सांगायला पाहिजे होतं.

त्याच वर्षी २९ फेब्रुवारीपासून राज्यात सरकारी ऑफिसांना पाच दिवसांचा आठवडा झाला, १ जानेवारीपासून नवीन एसी २४ डिग्रीला सेट होऊनच यायला लागले. एक डिग्री वर नेली की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते असं बीईई, केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था, सांगते. पण रिमोट साहेबांच्या हातात, आणि दार उघडं ठेवायची सवय शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना, म्हणून आम्ही आता कोटेशनमध्ये डोअर क्लोजर पहिला लिहितो, एसी नंतर.

२०२२ च्या एप्रिलला कोळसा कमी पडला, वर उन्हाचा कहर, परत भारनियमनाच्या बातम्या सुरू झाल्या आणि सोळा वर्षांपूर्वीचे फोन परत यायला लागले, बॅटरी आहे का. या वेळी भाऊ पहिलं विचारतो, खिडक्या कुठल्या बाजूला आहेत?

सध्या शेजारच्या तालुक्यात एका ऑफिसचा वरचा मजला घेतलाय. स्लॅब संध्याकाळी सातला पण तव्यासारखा तापलेला असतो, त्यावर आधी पांढरा चुना मारायचाय, मग पंखे. कपाटं इथं पण खिडकीलाच आहेत. शनिवारी सुट्टी आहे, तिथले मामा किल्ली घेऊन आठला येतो म्हणालेत, खडूचा बॉक्स मी पिशवीत टाकून ठेवलाय.