ऑन बोर्डचा शिक्का

आमची कंपनी एलसीची, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटची, कागदपत्रं तपासणारं सॉफ्टवेअर बनवते. एलसी म्हणजे ठरलेले कागद बरोबर मिळाले की निर्यातदाराला पैसे देण्याची बँकेची हमी. निर्यातदार माल जहाजावर चढवतो आणि पैशांसाठी बँकेत कागदांचा गठ्ठा देतो: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), विम्याचं सर्टिफिकेट, असं बरंच काही. बँक मालाकडे ढुंकूनही बघत नाही, फक्त कागद बघते. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे यूसीपी 600 हे नियम 1 जुलै 2007 पासून लागू आहेत. त्यांनुसार बँकेला तपासणीसाठी जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्यात काही विसंगती सापडली की नकाराची नोटीस येते आणि पैसे अडकतात. माल परक्या बंदरात पडून राहतो, त्याचं भाडं चढत जातं, आणि कारण काय, तर इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळत नाही. अशी डिस्क्रेपन्सी बँकेच्या आधी पकडून देणं हे आमचं काम.

पहिली काही वर्षं आमची बहुतेक शक्ती नुसतं कागद वाचण्यात गेली. सुरुवात टेसरॅक्टपासून केली. 1980 च्या दशकात एचपीत जन्मलेलं आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं हे सॉफ्टवेअर अक्षरं ओळखतं, पण तक्ता मोडला किंवा कागद तिरका स्कॅन झाला की गडबडतं. मग 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी लेआउटएलएम आणलं. त्यात अक्षरांबरोबर त्यांची कागदावरची जागाही मॉडेलला कळत होती. त्यावर आम्ही आमचं मॉडेल उभं केलं. प्रत्येक शिपिंग कंपनीच्या बिलाचा साचा वेगळा. नवा साचा आला की त्याचे ढीगभर नमुने गोळा करायचे, एकेका रकान्याभोवती चौकट काढायची, नाव द्यायचं. एक आख्खी टीम दिवसभर हेच करायची. गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणात हे मॉडेल पहिल्या पानावर असायचं.

30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं, मार्च 2023 मध्ये जीपीटी-4. नोव्हेंबर 2023 मध्ये ओपनएआयने प्रोग्रॅमरांना एपीआयमधून, म्हणजे स्वतःच्या प्रोग्रॅममधूनच, मॉडेलकडून चित्रं वाचून घेण्याची सोय दिली आणि एका वेळी 1,28,000 टोकन (शब्दांचे तुकडे) मावतील एवढी जागा करून दिली. म्हणजे गठ्ठाच्या गठ्ठा एका दमात. त्यानंतर एकापाठोपाठ एक कंपन्या अशी मॉडेलं काढत राहिल्या.

2024 मधली गोष्ट. सकाळीच आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाच्या संचालकांचा फोन आला. त्यांच्या आयटीतल्या एका मुलाने त्याच आठवड्यात आलेल्या एका मॉडेलला जुन्या शिपमेंटची पीडीएफ दिली होती आणि मिनिटभरात सगळे रकाने भरून मिळाले होते. कुठलं ट्रेनिंग नाही, चौकटी नाहीत. त्यांचा आमच्याशी असलेला वर्षाचा करार महिनाअखेरीस संपत होता. "तुम्ही लोक मेहनती आहात, त्याबद्दल प्रश्नच नाही," ते म्हणाले, "पण आता तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे, ते येऊन सांगा."

प्रश्न रास्त होता. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

दुपारी आम्ही दोघं गेलो, मी आणि आमचं मॉडेल जिने पहिल्या ओळीपासून लिहिलं ती इंजिनिअर. सादरीकरण नेलं होतं, पण ते उघडायची वेळच आली नाही. कारण बैठकीला डॉक्युमेंटेशन सांभाळणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी आयुष्यभर हेच कागद तपासलेत. कपाटातून काही जुन्या फायली काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "या सगळ्यांवर बँकेचं उत्तर आलेलं आहे. ते मला माहिती आहे. तुमची दोन्ही यंत्रं काय म्हणतात ते बघू."

पहिल्या काही फायलींत नव्या मॉडेलने आम्हाला सरळ मागे टाकलं. एका पॅकिंग लिस्टवर घडी पडल्यामुळे तक्त्याची ओळ तुटली होती. आमच्या मॉडेलने निव्वळ वजन उचलून एकूण वजनाच्या रकान्यात टाकलं. नव्याने ते बरोबर वाचलं. हाताने लिहिलेला कंटेनर नंबरही वाचला, जो आम्हाला कधीच जमला नव्हता. इंजिनिअर शांतपणे वहीत नोंदी घेत होती. त्या मॉडेलमागे तिने काय काय सोडलंय हे मला माहीत होतं, आणि तिच्याकडे बघायचं मी टाळत होतो.

मग एक बिल ऑफ लेडिंग आलं. एलसीप्रमाणे माल 15 तारखेपर्यंत जहाजावर चढायला हवा होता. बिलावर छापलेली तारीख 14, म्हणजे वरवर सगळं ठीक. पण खाली कोपऱ्यात ऑन बोर्डचा, म्हणजे माल जहाजावर चढल्याचा, शिक्का होता, आणि बिलावर ऑन बोर्डची तारखेसह नोंद असेल तर यूसीपीनुसार तीच जहाजावर चढल्याची तारीख धरतात, छापलेली नाही. शिक्क्याची शाई पुसट, त्यावरून सहीची रेघ गेलेली. पहिला आकडा 1 स्पष्ट होता. दुसरा 0 की 6, नुसत्या डोळ्यांनी सांगणं कठीण. मी कागद खिडकीकडे धरून पाहिला, तरी खात्री होईना.

नव्या मॉडेलने तारीख 10 अशी दिली. कुठेही अडखळलं नाही. माल वेळेत गेला, कागद बरोबर, पुढे जा. आमच्या सॉफ्टवेअरने त्या रकान्यात पिवळी खूण टाकली: वाचता येत नाही, माणसाने बघावं.

मॅडमनी फायलीतली बँकेची नोटीस काढली. बँकेने 16 वाचलं होतं आणि उशिरा शिपमेंट म्हणून गठ्ठा नाकारला होता. "हे पैसे सुटायला किती त्रास झाला ते मी विसरले नाही," त्या म्हणाल्या.

संचालकांनी आयटीतल्या मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, मॉडेलला पुन्हा विचारू. पुन्हा विचारलं तर 16 आलं. तेवढ्याच आत्मविश्वासाने.

इथे मी आमचं कौतुक सुरू करू शकलो असतो, आणि करार तिथेच पक्का झाला असता असं मला अजूनही वाटतं. पण मी काही बोलायच्या आत इंजिनिअर बोलली. "आमचं वाचणारं मॉडेल आम्ही काढून टाकायला हवं," ती म्हणाली. "वाचायला नवंच चांगलं आहे, आणि पुढचं त्याहून चांगलं येईल. पण त्याचं म्हणणं पुढे जाऊ द्यायचं की थांबवायचं, हे ठरवणारा भाग आमच्याकडे आहे, तो वाढवू." मग तिने फळ्यावर लिहून दाखवलं. एकच कागद दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉडेलांकडून वाचून घ्यायचा. दोघांचं जुळलं नाही किंवा एकाचंच उत्तर दुसऱ्यांदा बदललं, तर थांबायचं. जुळलं तरी तारखा आणि रकमा यूसीपीच्या नियमांतून गाळून घ्यायच्या, आणि ते गाळणं साध्या प्रोग्रॅमने करायचं, मॉडेलने नाही. उदाहरणार्थ, मालाच्या प्रमाणात 5 टक्के कमी-जास्त चालतं, पण एलसीत नग किंवा पोत्यांची संख्या दिली असेल तर ती सवलत नाही. असे नियम लिहिलेले आहेत, ते दर वेळी नव्याने आठवायला सांगायची गरज नाही.

मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला. स्वतःच्या हातचं काम बाजूला सारायला जे लागतं, ते मी फार थोड्या लोकांत पाहिलंय.

मॅडमना फळ्यावरच्या आकृतीत फारसा रस नव्हता. त्यांना वेगळंच हवं होतं. "मला संपूर्ण गठ्ठा पुन्हा वाचायला लावू नका. जिथे शंका आहे तेवढाच कागदाचा तुकडा मोठा करून दाखवा, शेजारी एलसीतली ओळ दाखवा, आणि निर्णय मला देऊ द्या. निर्णय कोणी, कधी घेतला ते लिहून ठेवा." एवढी नेमकी मागणी आम्हाला तोवर कुठल्याही सल्लागाराकडून मिळाली नव्हती. मी ती शब्दशः उतरवून घेतली आणि ऑफिसमध्ये सर्वांना तशीच वाचून दाखवली.

परतीच्या वाटेत आमचं खरं बोलणं फायलींवर झालं. मॅडमच्या कपाटात जे होतं ते कुठल्याच मॉडेलकडे नव्हतं: कागद आणि त्यावर बँकेने प्रत्यक्ष काय उत्तर दिलं, याची जोडी. आमच्या ग्राहकांकडे अशा नोटिसा वर्षानुवर्षं पडून होत्या आणि आम्ही त्या कधी मागितल्याच नव्हत्या, कारण आमचं लक्ष वाचण्यावर होतं. चौकटी काढणारी टीम त्या आठवड्यापासून या नोटिसा, ग्राहकांच्या परवानगीने, लावून घेऊ लागली. कामाचं स्वरूप बदललं, माणसं तीच राहिली. कुणालाही काढायचं नाही हे मी आणि माझ्या सहसंस्थापकाने त्याच रात्री ठरवलं, आणि त्याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. कागदांत घोळ कुठे होतो हे त्या लोकांच्या नजरेला सर्वांत आधी दिसतं.

नोटिसांचा हा साठा आमची परीक्षाही झाला. नवं मॉडेल आलं की जुने गठ्ठे रात्री त्यावर चालवायचे आणि सकाळी बघायचं: किती ठिकाणी बँकेच्या उत्तराशी जुळलं आणि, त्याहून महत्त्वाचं, कुठे बेधडक चुकलं. आधी नवी घोषणा झाली की ऑफिसात दोन दिवस काम व्हायचं नाही. आता चहाच्या सुट्टीपर्यंत निर्णय होतो. नव्या ग्राहकाला सुरू करायला पूर्वी महिने जायचे, कारण त्याच्या साच्यांना चौकटी काढायच्या असत. ते काम उरलं नाही, आणि आमची वाढ खरी सुरू झाली ती तिथून. दरही बदलला. पानामागे पैसे घेणं आम्ही बंद केलं, कारण पान वाचणं स्वस्त होत जाणार हे उघड होतं. आता बँकेत जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यामागे घेतो.

कागदही फार काळ टिकेल असं नाही. 2023 मध्ये ब्रिटनने इलेक्ट्रॉनिक व्यापारी कागदपत्रांना कायद्याची मान्यता दिली, आणि त्याच वर्षी काही मोठ्या जहाज कंपन्यांनी 2030 पर्यंत बिल ऑफ लेडिंग पूर्ण इलेक्ट्रॉनिक करायचं जाहीर केलं. तेव्हा पुसट शिक्का राहणार नाही. एलसीतली शेवटची तारीख आणि जहाजावर चढल्याची तारीख मात्र तेव्हाही जुळवावी लागेल.

संचालकांनी करार केला, पण वर्षाऐवजी तीन महिन्यांचा, आणि दर तिमाहीला मॅडम स्वतः फायली निवडून आम्हाला तपासणार ही अट घातली. मी अट मान्य केली. सही करताना मॅडमनी विचारलं, विम्याचं सर्टिफिकेटही बघाल का? एलसीत वेगळं काही म्हटलं नसेल तर विमा सीआयएफ किमतीच्या (माल, विमा आणि जहाजाचं भाडं मिळून होणाऱ्या किमतीच्या) निदान 110 टक्के लागतो, आणि त्यांच्या खात्यात नेमकी तिथेच वरचेवर चूक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या सर्टिफिकेटांचा गठ्ठा पाठवला आणि आम्ही त्याला लागलो.