बाटली भरून नेली, कागद आला नाही

"हे पाणी म्हैससुद्धा हुंगून सोडती, लेकरा," पोहरा वर ओढत मावशी म्हणाल्या. पाण्यावर तांबूस तवंग होता.

बंद कचरा डेपोला लागून त्यांचं रान. ढीग तसेच आहेत. पावसाचं पाणी त्यांतून काळं होऊन झिरपतं आणि आपल्या काळ्या खडकाच्या भेगांतून विहिरींकडे निघतं.

२०१८ मध्ये औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नारेगाव डेपोवर लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा सगळा मराठवाडा डेपोवर बोलत होता. गाड्या थांबल्यानंतरचं कोण बोलतं? २०१६ च्या घनकचरा नियमांत कचऱ्याचा भराव बंद झाल्यावरही किमान १५ वर्षं देखभाल सांगितली होती.

पाणी तपासलं का कुणी?

"बाटली भरून नेली की. कागद काही आला नाही."

तो अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला काय अडचण आहे?