शून्य शून्य शून्य

जेवून जरा आडवा होणार होतो, तेवढ्यात लाइट बिल भरायचं आठवलं. मोबाईल म्हणाला, पासवर्ड बदला. किमान आठ अक्षरं हवीत, त्यात एक आकडा पाहिजेच. रंकाळा इंग्रजीत लिहिला तर सात अक्षरं होतात. अंबाबाईचीही सातच. जोतिबा तर सहातच आटपतो.

खरं तर आकडा बाजूला ठेवून नुसती छोटी 26 अक्षरं घेतली, तरी आठ जागांसाठी 26 आठदा मांडून एकमेकांशी गुणायचे, म्हणजे 20,882 कोटींच्या वर पासवर्ड होतात. एवढी मुभा असून आम्ही तळ्याच्या काठावरनं हलायला तयार नाही.

हे गुणाकाराचं तत्त्व अकरावीत शिकवलं तेव्हा वर्गात मी एकटाच गालात हसत होतो. आमच्या घरी महाद्वार रोडवरनं आणलेली तीन चाकांच्या कुलपाची बॅग होती. आप्पांनी जप्त केलेला आमचा बॉल तिच्यात. मे महिन्यातली दुपार, आप्पा कामावर, आई झोपलेली. दादानं हिशेब मांडला: दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजार नंबर. एकाला तीन सेकंद धरले तर पन्नास मिनिटांत बॉल हातात.

"शून्य शून्य शून्यपासनं?" मी विचारलं.

"ते कोण ठेवतंय लेका! एकपासनं चल."

चाकांचे दाते अंगठ्याला रुतायचे. बोटांना लोखंडाचा वास. मधेच आईनं हाक मारली, परत आलो तर 412 झालं होतं की 421, यावरून भांडण. मग पुन्हा चारशेपासनं. पन्नास मिनिटं कुठली, ऊन उतरलं तेव्हा 999 आलं. बॅग ढिम्म.

"बिघडलंय," दादा म्हणाला.

संध्याकाळी आप्पांनी तिन्ही शून्यं जुळवली, खटका सरकवला आणि आतली कागदपत्रं काढली. दुकानातनं आली तेव्हापासून नंबर बदललाच नव्हता. बॉल वरच दिसत होता. आम्ही दोघं आपलं भिंतीकडं बघत बसलो.

असो. शेवटी रंकाळ्यापुढं एक आकडा लावला. बिल भरलं.

बॅग अजून माळ्यावर आहे. घराची कागदपत्रं तिच्यातच असतात, नंबरही तोच. आता लिहून बसलो म्हणजे बदलावा लागणार.