ट्रेसिंग पेपरखालचं चित्र

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आधी आलं ते चित्रकलेच्या वर्गातलं लाकडी कपाट. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरांनी जमवलेली चित्रं असायची. काही मासिकांतून कापलेली, काही जुन्या कॅलेंडरांवरची, काही पुठ्ठ्यावर चिकटवलेली. आणि त्यांच्यावर ट्रेसिंग पेपरची एक गुंडाळी. आज छायाचित्रण हाच माझा व्यवसाय आहे. ‘तुम्हाला हे सुचतं कुठून?’ असं लोक विचारतात, तेव्हा मी काहीबाही सांगते. खरं उत्तर त्या कप्प्यात आहे, म्हणून ते शाळेच्याच स्मरणिकेत लिहिते आहे.

सरांची पद्धत अशी. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, क्लिपा लावायच्या आणि मऊ पेन्सिलने फक्त गडद भाग भरायचा. डोळे काढायचे नाहीत, बोटं काढायची नाहीत, रेषा तर मुळीच मारायची नाही. मग कागद उचलायचा आणि उलटा धरायचा. माणूस, घोडा, झाड सगळं नाहीसं व्हायचं. उरायची ती काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची मांडणी. “आता सांग, नजर आधी कुठे जाते? तिथून कुठे वळते?” सर विचारायचे. वर्गातल्या बऱ्याच जणांना हा तास कंटाळवाणा वाटे. मला मात्र तास संपल्याची घंटा नको असायची.

आठवीत असताना माझ्या वाट्याला योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र आलं. सुमारे १६६० सालचं. मूळ चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं. माझ्या मनात ते भिंतभर होतं. डावीकडे खिडकी, मागे मोकळी भिंत, भांड्यातून दुधाची बारीक धार. मी निवांत काळं भरत सुटले आणि बाईच्या कडेशी येऊन अडकले. खिडकीकडच्या बाजूला बाई उजळ आहे, तर तिच्या मागची भिंत सावलीत आहे. दुसऱ्या बाजूला बाई सावलीत आहे, तर तिथली भिंत उजळ झाली आहे. प्रकाश एकाच खिडकीतून येतोय, मग भिंत अशी उलटसुलट कशी वागते? सर म्हणाले, “भिंत वागत नाही, तो वागवतोय तिला. बाई भिंतीतून सुटून पुढे यावी म्हणून.” मग त्यांनी भिंग दिलं. सावलीकडच्या कडेला एक अगदी बारीक पांढरी रेघ होती. आणि वर, रिकाम्या भिंतीत, एक खिळा. त्याची इवलीशी सावलीसुद्धा होती.

तो खिळा माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. त्या खिळ्याला काहीच टांगलेलं नाही. चित्राच्या विषयाशी त्याचा काही संबंध नाही. पण तो काढून टाकला तर भिंत नुसता रंगाचा पट्टा होईल. तो आहे म्हणून ती कुणाच्या तरी घरातली भिंत आहे, तिथे कधीतरी काहीतरी लटकत होतं.

नववीच्या पावसाळ्यात मामाने आपला कॅमेरा महिन्याभरासाठी दिला. सोबत छत्तीस फोटोंचा एक रोल. सरांच्या कप्प्यात आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचं १९३२ सालचं छायाचित्र होतं. पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय आणि त्याची टाच पाण्याला टेकायला केसभर बाकी आहे. मला तसंच हवं होतं. शाळेच्या मैदानात पाणी साचलंच होतं. मी मैत्रिणीला उडी मारायला लावली. एकदा, दोनदा, दहादा. तिचे बूट, मोजे, फ्रॉक सगळं चिखलाने भरलं, तरी बिचारी कुरकुरली नाही. अर्धाअधिक रोल त्यात संपला. एका फोटोत टाच नेमकी पाण्याच्या वर सापडली. तो मी धावत जाऊन सरांना दाखवला.

सरांनी मूळ चित्र काढून शेजारी ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मागच्या भिंतीवर काय आहे?” मी पाहिलं. मागे जाहिरातींची पोस्टरं होती आणि एका पोस्टरवर एक नर्तकी होती, तीही उडी घेतलेली. ती माणसाच्या उलट दिशेने झेपावलेली. माणूस पाण्यात उमटलाय आणि भिंतीवरही उमटलाय. खाली पाण्यात पडलेल्या लोखंडी कड्यांचे गोल आहेत, तसेच पाण्यावर उठलेले तरंगही गोलच. हे चित्र मी शंभर वेळा तरी पाहिलं असेल. मला उडी तेवढी दिसली होती. “तू त्याचं काय घेतलंस?” सरांनी विचारलं. रागावून नाही, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. आज वाटतं, दुसऱ्याच्या कलेकडून काय घ्यायचं याबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं त्या प्रश्नात आहे. एका छायाचित्रावरून दुसरं छायाचित्र काढायला बसलं की विषय उचलणं फार सोपं पडतं. तीच उडी, तोच रस्ता, तेच धुकं, कॅमेऱ्याचा तोच कोन. हात काम करतो, डोळ्याला काही करावंच लागत नाही. म्हणून छायाचित्रकाराने आधी चित्रकाराकडे, गाणाऱ्याकडे, लिहिणाऱ्याकडे जावं, असं माझं ठाम मत आहे. तिथलं काही जसंच्या तसं उचलता येत नाही. रंगाचा थर लेन्समधून उतरत नाही, तान तर नाहीच नाही. ते आपल्या माध्यमात नव्याने घडवावं लागतं, आणि तसं घडवताना ते आपलं होतं.

कार्तिए-ब्रेसाँ स्वतः आधी चित्रकलेचा विद्यार्थी होता. आंद्रे लोत या चित्रकाराकडे तो शिकला, आणि चौकटीतल्या भूमितीचं त्याचं वेड तिथलं. पुढे मार्टिन मुंकाची या छायाचित्रकाराचं एक छायाचित्र त्याच्या पाहण्यात आलं. आफ्रिकेतल्या एका किनाऱ्यावर लाटांत तीन मुलं धावत शिरताहेत, पाठमोरी, जवळजवळ नुसत्या काळ्या आकृती. त्या एका चित्राने आपल्याला कॅमेऱ्याकडे ढकललं, असं तो म्हातारपणापर्यंत सांगत राहिला. आता त्याची छायाचित्रं काढून बघा. मुंकाचीच्या चित्राची नक्कल तुम्हाला कुठे सापडणार नाही. त्याने मुलं घेतली नाहीत, लाट घेतली नाही. धावतं आयुष्य एका क्षणात पुरतं पकडता येतं, एवढा विश्वास घेतला. म्हणजे छायाचित्रकाराकडूनही घेता येतं. फक्त ते जास्त अवघड आहे, आणि नववीतल्या मला ते पेलणारं नव्हतं.

जपानी चित्रकार होकुसाईचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. त्याच्या फुजी पर्वताच्या मालिकेतलं सुमारे १८३२ सालचं एक ठशाचं चित्र आहे. वाटेवर अचानक वारा सुटलाय, एका बाईजवळचे कागद आभाळात उधळलेत, एकाची टोपी उडालीय, बाकीचे अंग चोरून वाकलेत, दोन बारीक झाडं कलली आहेत. मागे फुजी नुसत्या एका रेषेत उभा आहे. वाऱ्याला रंग नाही, आकार नाही. होकुसाईने तो कागदांच्या वाटेने दाखवला. कॅनडाचा छायाचित्रकार जेफ वॉल याने १९९३ मध्ये हेच चित्र छायाचित्रात नव्याने उभं केलं. माणसं आजच्या कपड्यांतली, जागा सपाट शेतजमिनीची, मागे फुजी नाहीच. एक वर्षाहून जास्त काळ तो शंभरावर छायाचित्रं काढत राहिला आणि संगणकावर ती एकत्र जुळवत राहिला. होकुसाईचा एक झोत दाखवायला एवढे दिवस लागले! मी ते चित्र पुस्तकात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नकळत ट्रेसिंग पेपर शोधू लागले. वॉलने मूळ चित्राचं नाव लपवलेलं नाही, आपल्या चित्राच्या नावातच होकुसाईचं ऋण सांगितलंय. नाव सांगून घेणं आणि गुपचूप उचलणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आपल्याकडे कलावंत एन. पुष्पमाला यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेलं काम याच वाटेवरचं. राजा रविवर्म्याने रंगवलेली चांदण्यातली स्त्री त्यांनी छायाचित्रात पुन्हा उभी केली आणि त्या स्त्रीच्या जागी स्वतः बसल्या. ते पाहिल्यावर घराघरांत लागलेल्या त्या चित्रांकडे मी पहिल्यांदा प्रश्न घेऊन पाहिलं. ही बाई अशी का बसली आहे? कुणी बसवलं तिला? हे प्रश्न कुठल्याही लेखाने माझ्या मनात आणले नव्हते.

छायाचित्रकार रघुबीर सिंग यांच्या घरी कार्तिए-ब्रेसाँच्या जयपूरच्या छायाचित्रांचं पुस्तक होतं आणि लहानपणी त्यांनी ते पाहिलं. पण त्यांनी जन्मभर रंगात काम केलं, कृष्णधवलाचा मोह धरला नाही. लघुचित्रांच्या परंपरेचा ते आवर्जून उल्लेख करत. लघुचित्रात एकाच पानावर गच्चीत एक घडतं, अंगणात दुसरं, दाराआड तिसरं, आणि कुणीच कुणाच्या आड येत नाही. सिंग यांची छायाचित्रं तशी गजबजलेली असतात, आरसे आणि खिडक्यांच्या चौकटींनी चिरलेली, आणि तरी त्यांत गोंधळ नाही. गुरू एकीकडचा, वारसा दुसरीकडचा. अमेरिकी छायाचित्रकार सॉल लायटर तर आयुष्यभर रंगवतही राहिला. त्याच्या न्यूयॉर्कच्या चित्रांत अर्धी चौकट कुणाच्या तरी छत्रीने किंवा धुरकट काचेने व्यापलेली असते, आणि उरलेल्या फटीत लाल रंगाचा एक ठिपका. बोनार या फ्रेंच चित्रकाराची चित्रं त्याला प्रिय होती. ते कळल्यावर मी बोनार पाहिला आणि मग लायटर पुन्हा पाहिला. दुसऱ्या खेपेला तो जास्त दिसला.

संगीताचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा अमेरिकी छायाचित्रकार तरुणपणी पियानोवादक व्हायची तयारी करत होता. निगेटिव्ह म्हणजे संगीतरचनेची लिहिलेली प्रत आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो मानत असे. न्यू मेक्सिकोतल्या एका गावावर चंद्र उगवतानाचं त्याचं १९४१ सालचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या एकाच निगेटिव्हवरून त्याने पुढली अनेक वर्षं प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या फिकट रेघा आहेत. पुढे पुढे आकाश गडद होत गेलं, जवळपास काळं झालं, आणि खाली थडग्यांवरचे क्रूस लख्ख पांढरे. निगेटिव्ह तीच होती, गाणारा बदलला होता. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. एकच बंदिश तोच गायक तिशीत गातो आणि साठीत गातो, आणि आपण दोन्ही वेळा वेगवेगळ्या कारणांनी स्तब्ध होतो. मी हे वाचलं त्या आठवड्यात माझे जुने निगेटिव्ह बाहेर काढले. दहा वर्षांपूर्वी उजळ छापलेला आईचा एक फोटो पुन्हा छापला. या वेळी खोली अंधारात जाऊ दिली, फक्त तिचे हात राहू दिले. पहिल्या वेळी ते हात माझ्या लक्षातही आले नव्हते.

चार वर्षांपूर्वी रात्रपाळीच्या परिचारिकांवर मी एक मालिका केली. पहाटेची वेळ, वॉर्डाच्या टोकाची खिडकी, एक परिचारिका बाटलीतून छोट्या झाकणात औषध मापून ओतते आहे. मी तिला काही सांगितलं नव्हतं. मीच जागा बदलत राहिले. तिच्या उजळ गालामागे सावलीतली भिंत यावी आणि सावलीतल्या खांद्यामागे उजळ भिंत, एवढ्यासाठी दोन पावलं डावीकडे, एक मागे. शटर दाबताना मला व्हर्मीर आठवला नव्हता. पाय आपोआप तिकडे गेले.

सर तेव्हा बरेच थकले होते. मी प्रिंट घेऊन घरी गेले, तर त्यांनी सुनेला हाक मारून कपाटातून ट्रेसिंग पेपर आणवला. थरथरत्या हाताने पंधरा-वीस मिनिटं काळं भरत बसले. मग कागद उलटा धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

“खिडकी ओळखीची आहे,” ते म्हणाले.

“हो सर. कप्प्यातली.”

त्यांनी कागद बाजूला केला आणि प्रिंटवर बोट ठेवलं. परिचारिकेच्या डोक्यावर, भिंतीत, कधीकाळचं कॅलेंडर उतरवल्यावर राहिलेला एक खिळा होता.

“आणि हा तू ठोकलास?”

“नाही सर, तो तिथेच होता.”

“बरं,” म्हणाले, आणि भिंग मागितलं.