सात दिवसांचं दूध आणि एक पॉइंटर

गाव करवीर तालुक्यातलं, डिप्लोमासाठी खोली कोल्हापुरात राजारामपुरीत. सबमिशनला काहीतरी घरचं करावं म्हणून गोठ्यातल्या दुधाचा हिशेब सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायला घेतला. एक फंक्शन (प्रोग्रॅमचा छोटा तुकडा) सात दिवसांचे लिटर ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत भरणार आणि तो ॲरे मेनला, म्हणजे मुख्य फंक्शनला देणार. एवढंच.

फंक्शनमधून ॲरेचं नाव सरळ रिटर्न केलं, म्हणजे परत पाठवलं. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरनं वॉर्निंग दिली की लोकल व्हेरिएबलचा, म्हणजे फंक्शनपुरत्याच जागेचा पत्ता परत जातोय. चालवलं तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्रॅम बंद. मग मी शहाणपणा केला. मध्ये एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल घेतलं, त्यात ॲरेचा पत्ता ठेवला आणि तो पॉइंटर रिटर्न केला. वॉर्निंग गेली! सोमवारचे 9 लिटर बरोबर छापले, मंगळवारी 32764. एवढं दूध अख्ख्या गावाचंही नसेल.

रूममेट म्हणाला, "भावा, फंक्शन संपलं की स्टॅकवरची, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीतली त्याची जागा मोकळी. सोमवारचा आकडा छापणारं प्रिंटएफ सुरू व्हायच्या आधी घेतलास म्हणून तो टिकला. पुढं प्रिंटएफनंच ती जागा वापरली."

ॲरेला स्टॅटिक लावलं, म्हणजे फंक्शन संपलं तरी त्याची जागा कायम. आकडे टिकले. पण गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं हवं म्हणून तेच फंक्शन दोनदा बोलावलं, तर दोन्हीकडं म्हशीचेच आकडे. साहजिकच, ॲरे एकच; दुसऱ्या वेळी पहिलं पुसलं गेलं.

मग मॅलॉक, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये मागून घेतलेली मेमरी. सात इंट (पूर्णांक), प्रत्येकी 4 म्हणजे 28 बाइट, प्रत्येक वेळी नवी जागा. ॲरेची लांबी काढायला साइज सांगणारं साइजऑफ वापरलं, इथं त्यानं मारलं. मेनमध्ये हातात पॉइंटर होता, त्याची साइज 8. भागिले 4, म्हणून दोनच दिवस छापले. लांबी वेगळी द्यावी लागते, शिवाय आठवणीनं फ्री करायचं, म्हणजे घेतलेली मेमरी परत द्यायची. मी पहिल्याच दिवशी विसरलो.

शेवटी ॲरे मेनमध्येच केला आणि त्याचा पत्ता व लांबी फंक्शनला दिली. दुधाला जाताना आपण आपली किटली नेतोच की. फंक्शननं भरायचं, बास. माझ्या मते सात आकड्यांसाठी मॅलॉकची गरजच नव्हती.

शनिवारी लॅपटॉप घरी नेला. सातही दिवस ओळीनं उमटले. वडिलांनी चष्मा लावून बघितलं.

"मंगळवारी सहा लिटर? त्या दिवशी रेडकू सुटलं होतं की रं."